भाड्याचा नंबर

"परत सुरू झाले," अनुजा म्हणाली आणि तिनं फोन आईच्या हातात दिला.

सरोजिनीनं चष्मा लावून वाचलं. खातं तेच, 'हितचिंतक'. 'ठके, पिवळा रंग शोभतो तुला.' खाली फोटो होता. ठाकूरद्वारच्या नाक्यावर भाजी घेणारी अनुजा, पाठमोरी, पिवळ्या कुर्त्यात. कालचाच.

सरोजिनी पलंगाच्या कडेला बसली.

सम्यकशी अनुजाचं रजिस्टर लग्न ठरलं, त्या आठवड्यात या हितचिंतकाचं पहिला मेसेज आला होता. लग्न मोड. बापाच्या नावाला काळिमा फासू नकोस. वाडीत आईला तोंड दाखवायला जागा ठेव. रोज एक, कधी दोन. वाडीचं नाव, ऑफिसची वेळ, गेलेले वडील लाडानं हाक मारायचे ते 'ठकी' हे नाव, सगळं त्या माणसाला ठाऊक. शेवटी अनुजा धसक्यानं तापानं फणफणली, आणि कुणास ठाऊक कसे, मेसेज थांबले. देवच पावला म्हणायचा. हे प्रकरण मिटलं, असं सरोजिनीनंही मनाशी ठरवून टाकलं होतं.

सम्यक समोर खुर्चीवर बसला होता. परळच्या चाळीत वाढलेला, आता तिथल्याच एका उंच इमारतीत कॉम्प्युटरवर काम करणारा. हा मुलगा येणार म्हणून सरोजिनीनं खास निळा कप आणला होता. तो फक्त त्याचाच. दुसऱ्या कुणाला त्यात चहा मिळायचा नाही. वाडीतल्या बायका म्हणायच्या, जावयाचे लाड आत्तापासूनच!

"पोलीस काय म्हणाले?" सरोजिनीनं विचारलं.

"चौकशी चालू आहे म्हणतात. व्हर्च्युअल नंबर आहे ना, काकू. सिमबिम काही नाही. वेबसाइटवरून नंबर भाड्यानं घ्यायचा, त्याच्यावर ओटीपी येतो, अकाउंट चालू. आपला खरा नंबर कुठंच नाही."

सरोजिनीची सारी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. नंबर या विषयात ती अगदीच अडाणी नव्हती.

"मग तो पैसे भरायचा थांबला की सुटलो आपण."

"सुटतोय कसले!" सम्यक हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "भाडं थांबलं की कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते. आणि पहिल्यानं अकाउंट तसंच उघडं टाकलं असेल, तर नवीन माणूस ओटीपी घेऊन सरळ आत. जुनं सगळं वाचायला मोकळा. खोली सोडली नि कुलूप तेच ठेवलं, तसं."

सरोजिनीनं पदरानं कपाळ पुसलं. पंखा चालू होता तरीही.

"आई, तू नको हातपाय गाळूस," अनुजा म्हणाली. "मला माहितीये कोण आहे ते. राजसदादा."

राजस म्हणजे दिरांचा मुलगा. लग्नाची बातमी कळली त्या दिवशी दारात उभा राहून अद्वातद्वा बोलून गेला होता. तेव्हापासून घराशी बोलचाल बंद, फोन करावा तर उचलत नाही.

"राजस तोंडाळ आहे. पण असलं करणार नाही," सरोजिनी म्हणाली.

"मग ठकी कोण म्हणतं मला? बाबा गेले. उरलं कोण घरात?"

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. अनुजानं मोठ्यानं वाचलं. "'पाच वाजता परळला ये. बंद गिरणीच्या मागची गल्ली. एकटी आलीस तर सगळं संपवू.' बघ! आला ना वठणीवर."

"ही भाषा वेगळी वाटते यार," सम्यक म्हणाला. "आधी नुसतं शहाणपण शिकवत होता. आता फोटो काय, गल्ली काय. मी येतो."

"तू दिसलास तर तो तोंडच उघडणार नाही. वर बोंब मारेल, धमकी दिली म्हणून. तू स्टेशनवर थांब. दादा आहे रे तो! लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत त्यानं मला. समोर उभी राहून दोन शब्द सुनावते, विषय कट."

सम्यकला ते पटलं नव्हतं. पण अनुजा एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं. तो उठला, बूट घालू लागला.

बोललं तर मुलगी जाणार, न बोललं तरी मुलगी जाणार, आणि या दोन जाण्यांत किती अंतर आहे ते त्या खोलीत सरोजिनीला एकटीलाच कळत होतं.

अनुजानं चपला पायांत सरकवल्या. "येते गं."

"थांब." सरोजिनी धडपडत उठली आणि दारात आडवी उभी राहिली. "राजस नाहीये तो."

"आई, सोड वाट. मेसेजमधली प्रत्येक गोष्ट घरातली आहे."

"हो. घरातलीच आहे." तिनं चौकट घट्ट धरली. सम्यककडे मात्र तिला बघवेना. "ताप येण्याआधीचे सगळे मीच पाठवले होते, ठके. तू आजारी पडलीस, तेव्हा मी तो नंबर सोडून दिला. आता लिहितोय तो कोण आहे, मला माहीत नाही."