दुसरं गाणं

आता बायकांनी पुरुषांना नाचायला बोलवायचं, असं गाणाऱ्याने जाहीर केलं आणि तळ्याकाठच्या त्या लाकडी मांडवात एकच धांदल उडाली. सिर्का बाकावरून उठली, पण सावकाश. झटकन उठायचं नाही, झटकन वळायचं नाही, मान वर करायची नाही, हे ती हिवाळ्यात चक्कर सुरू झाल्यापासून शिकली होती.

"जातेस खरी," शेजारी बसलेली तिची बहीण केर्तू पुटपुटली. "सकाळी भिंत धरून न्हाणीघरात गेली होतीस, विसरलीस?"

"सकाळचं सकाळी. गप्प बस."

"आणि हा लोकरी स्वेटर? जुलै आहे गं बाई, भर उन्हाळा. लोक हसतील."

"हसू देत. मला थंडी वाजते."

थायरॉइडची गोळी रोज उठल्याबरोबर उपाशीपोटी घेऊनही ही थंडी काही हटत नव्हती. चक्कर तर स्वतःच्या मर्जीची मालकीण. या दोघींचं आपसात काही नातं आहे का, हे डॉक्टरीणबाईंनाही छातीठोकपणे सांगता आलं नव्हतं. दोन्ही सांभाळा, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

समोरच्या भिंतीशी पुरुषांच्या रांगेत ओइवा उभा होता. गेल्या शनिवारी कॉफी पिताना तो तिला म्हणाला होता, "बायको जाईपर्यंत मी वर्षानुवर्षं तिचं औषधपाणीच केलं. आता आजारपणाचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. आता फक्त नाचायचं." सिर्का हसून 'हो ना' म्हणाली होती आणि आपलं दुखणं तिने कॉफीबरोबर गिळून टाकलं होतं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओइवाचे कान लाल झाले.

संथ टँगो लागावा अशी तिची इच्छा होती. लागला गिरक्यांचा वॉल्ट्झ. पण एकदा बोलावलं की माघार नाही. आणि बोलावलं की दोन गाणी नाचायचीच, ही तिथली रीत. जोडीदाराने पायाचा चेंदामेंदा केला तरी माणसं दात आवळून दुसरं गाणं पुरं करतात. एकाच गाण्यानंतर निघून जाणं म्हणजे भर मांडवात मुस्काटात मारणं.

सिर्काने ओइवाच्या शर्टाच्या गुंडीवर नजर रोवली आणि मान ताठ धरली. गिरकीमागून गिरकी गेली. काही झालं नाही. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता, तळ्यावरून ऊन आत येत होतं. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पहिलं गाणं संपलं. जोड्या दुसऱ्याची वाट पाहत जागच्या जागी थांबल्या.

"मला आजवर कुणी आपणहून बोलावलं नव्हतं," ओइवा हळूच म्हणाला.

हे म्हणताना तो कसा दिसतो ते तिला बघायचं होतं. तिने मान वर केली.

मांडव कलंडला. दिवे, छप्पर, ओइवाचं हसू, सगळं एका बाजूला ओघळत गेलं. सिर्काने त्याचा हात सोडला.

"पुरे," ती म्हणाली.

"पुरे? अहो, दुसरं गाणं..." त्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

नाही म्हणायला मान हलवण्याची सोय नव्हती. तोंड उघडलं असतं तर पोटातलं सगळं बाहेर आलं असतं. ती ओठ घट्ट मिटून नुसती उभी राहिली. ओइवाला उत्तर मिळालं. त्याने रीतीप्रमाणे हात पुढे केला आणि तिला बाकापर्यंत पोहोचवलं. त्याची नजर जमिनीवर होती, नाहीतर तिचा पांढराफटक पडलेला चेहरा त्याला दिसला असता.

"आभारी आहे," तो म्हणाला आणि गेला.

"काय केलंस गं हे!" केर्तूने कपाळाला हात लावला. "सगळे बघतायत. थांब, मी सांगून येते त्याला."

सिर्काने डोळे मिटूनच चाचपडत तिचं मनगट धरलं. "नको."

"अगं, तो काय समजेल?"

"उद्धट समजू दे. माजोरी समजू दे. आजारी नको." तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आजारी म्हटलं की तो परत यायचा नाही गं."

"आणि आता येणार आहे?"

हळूहळू मांडव फिरायचा थांबला, तेव्हा सिर्काने डोळे उघडले. दुसरं गाणं रंगात आलं होतं. नाचणाऱ्यांच्या पलीकडे, कोट टांगायच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा बेताने ओइवा एकटाच उभा होता. उजवा हात कुणाच्या तरी पाठीवर असावा तसा वाकवून, स्वतःच्या बुटांकडे बघत, तो तीच गिरकी पुन्हा पुन्हा घेऊन पाहत होता.