घळीतली हाक

लाल कातळाच्या घळीत शिरताना वाटाड्या लच्छू म्हणाला, "बाई, इथी कोणाले हाक नका मारू."

"काऊन, भाऊ?" पर्यटकांसाठी पायवाट आखायला आलेल्या संघप्रियाने हसून विचारलं. तो झपाझप पुढे निघाला.

पुढच्या वळणावर तो दिसेनासा झाला. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तोच डावीकडच्या कपारीतून तिचाच आवाज आला, "लच्छूभाऊ!"

ती अजून बोललीच नव्हती.

"आलो, बाई!" लच्छूची पावलं कपारीकडे धावली.

"तिकडं जाऊ नका," असं ती ओरडणार, एवढ्यात कपार तिच्याच आवाजात म्हणाली, "या, मी इथीच आहो."

पावलं थांबली. मग काहीच ऐकू येईना.

संघप्रिया माघारी पळत सुटली. घळीचं तोंड दिसू लागलं, आणि तिथूनच तिला स्वतःची किंकाळी ऐकू आली.