न उघडलेली पिशवी

"थांब, आधी कुंकू लावते," आई म्हणाली आणि मी बटणावरचं बोट मागं घेतलं.

हा कॉम्प्युटर मी घरीच जोडलेला. गेल्या आठवड्यात त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, उडाला. डिस्कवर मी काढलेले सात लग्नांचे फोटो. दुसरी प्रत एकाचीही नाही. वॅट पुन्हापुन्हा तपासून नवा सप्लाय आणला. त्याला जुन्या सप्लायच्याच वायरी लावल्या, पिना चपखल बसल्या. 

कुंकवाचं ताट टेकवायला आईनं नव्या सप्लायचं खोकं ओढलं. "ही पिशवी उघडायची राहिली की गं!"

आत नव्या वायरी होत्या. वर लाल अक्षरांत छापलेलं: दुसऱ्या सप्लायच्या वायरी बसल्या तरी लावू नका, डिस्क जळेल.

मी आधी भिंतीवरचा स्विच बंद केला.

"आई, पहिलं कुंकू या पिशवीला लाव."