खाडीची वेळ

खो-खोचे खांब पुरलेले, चुन्याच्या रेषा ठळक आणि मैदानात चिटपाखरू नाही. साडेपाच झाले तशा कलावतीबाई हजेरीचं रजिस्टर काखेत मारून चेंदणी कोळीवाड्याकडे निघाल्या. पाचची वेळ त्यांनीच ठरवली होती. मुलींची शाळा सकाळची, मग पाचला यायला काय धाड भरते? मंडळाचे सेक्रेटरी दामाजीराव बजावून गेले होते, उद्या दहा मुली दिसल्या नाहीत तर मैदान मुलांच्या क्रिकेटला. आज एकेकीला फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच बाई निघाल्या होत्या.

बाराही जणी खाडीत सापडल्या. फ्रॉक खोचून, गुडघाभर चिखलात, चिंबोऱ्या पकडत. शेवंती तर त्या चिखलातही अशी झुकांडी देत होती, की बाईंचं रागवायचंच राहून गेलं.

काठावर टोपली घेऊन शेवंतीची आई आवडाबाई बसली होती. "रागावू नका बाई. आज आवस. पुनवेला, अवसेला सांजच्याला पानी उतरतं. पोरी आता उतरल्या नाय, तर सकाली बाजारात काय नेऊ?"

बाईंनी रजिस्टर उघडलं. तीन महिन्यांत दर पुनवेच्या, दर अवसेच्या आसपास गैरहजेरीची रांग. याला त्या आळस म्हणत आल्या होत्या. त्यांना फार वाईट वाटलं.

"मग मोकळ्या कधी असता गं?"

"उद्या तीनला," शेवंती चिखलातूनच म्हणाली. "मग रोज पाऊण तास पुढे, पाण्याबरोबर."

शेवंतीचे हात चिखलाने भरलेले, म्हणून बाईंनी रजिस्टर आवडाबाईंच्या हातात दिलं. "शेवंती, उद्या हजेरी तू घे."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कचेरीत बाईंनी नवी वेळ सांगितली, तसे दामाजीराव हसले. "मैदानाची वेळ काय आता चंद्राला विचारून ठरवायची?"

"हो. आणि दहा मुली म्हणालात ना? चला मोजायला."

या वादावादीत सव्वातीन वाजले. मैदानात डाव रंगात आला होता. दामाजीरावांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि क्रिकेटचं नाव न काढता परत फिरले.

शेवंतीने धापा टाकत रजिस्टर पुढे केलं. "हजेरी झाली, बाई."

बारा नावं, बारा हजर. खाली पेन्सिलीने तेरावं नाव घातलं होतं, कलावतीबाई. पुढे लिहिलं होतं, उशिरा.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यापुढे सही केली.