चवथीच्या कॅटातली अठ्ठी

२०२१ साली माझी नात गौरवी इब्रामपूरच्या घरातूनच कंपनीचं काम करायची. दर पंधरवड्याच्या आखणीत टीममधला प्रत्येकजण कामाला जितके दिवस लागतील तितक्या आकड्याचा खेळातला पत्ता कॅमेऱ्यासमोर धरी. गौरवीकडे आमचा चवथीला, म्हणजे गणपतीत, खेळायचा पत्त्यांचा कॅट होता. एकदा तिने अठ्ठी धरली. साहेबाला काम तीनच दिवसांत हवं होतं; त्याला भिऊन बाकीच्यांनी तिर्री. "पत्ता बदल, नाहीतर नोकरी विसर," साहेब म्हणाला. तिचा हात खाली येऊ लागला. "काम कोण करता गो?" मी शेजारून विचारलं. "मीच, आजी." "मगे शेताच्या बांधार नुसतो उभो रवलेलो माणूस दिवस कित्याक सांगता?" जन्मभर भात लावलेल्या हाताने मी कॅटातली दुसरी अठ्ठी उंच धरली. टीममधल्या अविनाशनेही तिर्री टाकून अठ्ठी उचलली. गौरवीची नोकरी गेलीच. साहेबाला बढती मिळाली. आता डिचोलीत ती अविनाशसोबत स्वतःची कंपनी चालवते. आमच्या कॅटातल्या त्या दोन्ही अठ्ठ्या तिथल्या भिंतीवर आहेत. चवथीला आम्ही अपुऱ्या कॅटने खेळतो.