फुटाणे

पुराने अंगणवाडीचा रस्ता तुटला होता आणि पोषक पेस्टच्या नळ्या कालच संपल्या होत्या. ड्रोनने टाकलेल्या पोत्यात फक्त फुटाणे निघाले.

सुनंदाताईंनी चार वर्षांच्या रेवतच्या तोंडात एक फुटाणा घातला. "चाव रे, राजा."

"चाव म्हणजे?"

दात किडू नयेत म्हणून ही मुलं आईचं दूध सुटल्यापासून पेस्टच गिळत आली होती. रेवतने फुटाणाही गिळला. तो घशात अडकला. ताईंनी त्याला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला.

मग ताईंनी स्वतः फुटाणे चावून लगदा केला आणि त्याला भरवला. त्याने मिटक्या मारल्या.

त्यांनी मान वर केली. समोर तीस भुकेली तोंडं उघडली होती. एकाही दाताला कीड नव्हती.