बोटावरचा आकडा

दवाखान्याच्या फाटकातच डॉक्टरांनी दत्तारामला सांगितलं, "बाई गेल्या. करोना फुप्फुसात पसरलाच नव्हता. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली."

करोना झाल्यापासून सहा दिवस त्याची बायको शेवंता मागच्या खोलीत एकटी होती आणि दत्ताराम बाहेरून फक्त तिचा ऑक्सिजन विचारत होता. त्या सकाळी ती दाराआडून म्हणाली, "अहो, डोकं फुटतंय. असं कधीच दुखलं नव्हतं."

"बोटाला मशीन लाव. किती?"

"सत्त्याण्णव."

"मग झालं तर. तापात डोकं दुखायचंच. बाम चोळ अन् पड."

तिने आणखी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तो वैतागला, "ऑक्सिजन माझ्यापेक्षा चांगला तुझा, आणि कुरकुर किती करतेस?" मग हाक आली नाही. झोप लागली असेल, म्हणून त्याला बरं वाटलं. दुपारी ताट घेऊन दार उघडलं, तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

दहाव्याला मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ताई शेवटी काय म्हणाली हो?"

"काही नाही. झोपेतच गेली."

"त्रास नाही झाला, तेवढं बरं," म्हणत ती रडली.

तिला खरं सांगायचं अजून राहिलंय.